एक जागा जास्तीची

कोल्हापुरातनं अमेरिकेला निघताना माझ्याबरोबर दोन गोष्टी होत्या. बॅगेत कांदा-लसूण चटणी आणि डोक्यात, आपल्याला फुटबॉल कळतो, हा भ्रम. चटणी तीन महिने पुरली. भ्रम पहिल्याच सामन्यात संपला.

भ्रम असायला कारण होतं. पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ समोरासमोर आले की शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर हलगीच्या तालात बसून घसा फोडलेला माणूस मी. पेठेची इज्जत म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. १९९४ साली अ‍ॅन आर्बरला मिशिगन विद्यापीठात एमएस करायला आलो, आणि लोक म्हणाले, शनिवारी फुटबॉल आहे, स्टेडियम बघून घे. एक लाखाचं आहे म्हणाले. मी मनात म्हटलं, कोल्हापूरच्या माणसाला कशाला सांगता.

ते स्टेडियम बाहेरून काहीच दिसत नव्हतं. आता भोवती लाल विटांच्या इमारती उभ्या राहिल्यात, तेव्हा तेही नव्हतं. एक बुटकी भिंत आणि दारं. ‘हेच का ते?’ असं म्हणत आत शिरलो आणि पाय थांबले. सगळं स्टेडियम खाली होतं. जोतिबाला जाताना वाटेत बारव लागावी, कठड्यावरून वाकून बघावं आणि पायऱ्यांमागून पायऱ्या खोल उतरत जाव्यात, तसं. फरक इतकाच, की तळाला पाण्याऐवजी हिरवळ आणि पायरीपायरीवर माणसं. १९२७ साली विद्यापीठाचा तेव्हाचा क्रीडाप्रमुख फील्डिंग योस्टने ते बांधून घेतलं तेव्हा तिथे खरोखरच पाणी लागलं होतं. एक क्रेन चिखलात रुतली ती अजून मैदानाखालीच आहे, असं तिथले जुने लोक सांगतात. बारवेच्या गोष्टीतही कायम एक हंडा असतोच, त्यामुळे मला हे लगेच पटलं.

गावाची लोकसंख्या लाखाच्या थोडी वर, स्टेडियमची क्षमताही तेवढीच. क्षमतेचा आकडा मात्र गमतीदार. मी गेलो तेव्हा १,०२,५०१ होता, आता १,०७,६०१ आहे. १९५६ पासून कितीही भर घातली, कितीही कमी केलं, तरी शेवटचा एक सुटत नाही. फ्रिट्झ क्रिस्लर नावाचे प्रशिक्षक आणि नंतर क्रीडा विभागाचे प्रमुख होऊन गेले. ती एक जास्तीची जागा त्यांच्या नावची. कुठे आहे ते कुणी सांगत नाही. आपल्याकडे आहेर शंभराचा नसतो, एकशे एकाचा असतो. तसलंच काहीतरी म्हणून मी सोडून दिलं.

आमच्या पहिल्या सामन्याची तिकिटं माझ्या सांगलीच्या रूममेटला त्याच्या लॅबमधून मिळाली होती. ती विद्यार्थ्यांच्या भागातली नव्हती. साठाव्या रांगेच्या आसपास, जुन्या वारकऱ्यांच्यात. वारकरीच म्हणायला हवं, कारण दर वर्षी त्याच दिंडीत, त्याच जागी, त्याच माणसाशेजारी बसणारे लोक ते. आमच्या उजवीकडे एक आजोबा आणि आजी होते. बाकावर फक्त नंबर रंगवलेला, दोन नंबरांमधली जागा उन्हाळ्यातल्या माणसाच्या मापाची. नोव्हेंबरात जाडजूड कोट घालून सगळी रांग बसली, की टोकाच्या माणसाचा अर्धा पार्श्वभाग जिन्यात असतो, हे मला पुढे कळलं.

तिथला फुटबॉल म्हणजे चेंडू हातात धरून पळायचा, वेगळाच खेळ. तो मला आजोबांनी शिकवला. मी तो कबड्डीच्या वळणाने समजून घेतला: चार चढाया, दहा यार्ड जमीन जिंकायची, जमलं नाही तर चेंडू समोरच्याला. मधूनमधून ते जुन्या आठवणी काढत. त्यातली त्यांची लाडकी १९७९ची. इंडियानाविरुद्ध २१-२१ बरोबरी, घड्याळात सहा सेकंद, आणि अँथनी कार्टर नावाचा काटकुळा पोरगा पास झेलून बचावपटूंच्या मधून सुटला तो थेट टचडाउनपर्यंत, म्हणजे समोरच्याच्या शेवटच्या रेषेपलीकडे. तेव्हा जादा वेळ नव्हता, बरोबरी म्हणजे बरोबरी. आजोबा सांगताना उजवा हात असा सुळकन काढायचे, की समोरच्याच्या टोपीला लागायचा. आजींना मी विचारलं, तुमची आठवण कुठली? तर म्हणाल्या, १९६९ची. बलाढ्य ओहायो स्टेटला २४-१२ हरवलं तेव्हा ह्यांनी आनंदाच्या भरात पहिल्यांदा चारचौघांत मिठी मारली. “पण मला नाही, पलीकडच्या माणसाला. मी मध्ये होते म्हणून सापडले.”

तर त्या दिवशी, २४ सप्टेंबरला, समोर कोलोरॅडो होतं. चौथ्या सत्रात मिशिगन २६-१४ असं पुढे. रूममेटला असाइनमेंट होती, मला भूक होती, आणि बारा पॉइंटांची आघाडी म्हणजे सामना खिशात. आम्ही उठलो. आजोबांनी माझ्या बाहीला धरून विचारलं, “कुठे?” म्हटलं, झालंच की आता. त्यांनी घड्याळाकडे बोट केलं आणि पुन्हा त्या सहा सेकंदांचं सांगायला लागले. आम्ही हसून जिना चढलो.

मेन स्ट्रीटवर बरेच पुढे आलो होतो. मागे त्या बारवेतून एकसारखा गजर येत होता. आणि मग तो थांबला. हळूहळू विरला नाही, कुणी नळ बंद करावा तसा थांबला. लाख माणसं एकाच वेळी गप्प झाल्याचा आवाज मी तोवर ऐकला नव्हता. रूममेट म्हणाला, संपली वाटतं मॅच. आम्ही घरी जाऊन कुकर लावला, टीव्ही लावला, आणि मग कळलं.

घड्याळात सहा सेकंद होते. पुन्हा सहाच. कोलोरॅडो २१, मिशिगन २६. कॉर्डेल स्ट्यूअर्टने आपल्याच अर्ध्या मैदानातून चेंडू भिरकावला, टोकाला माणसांचा झुबका उडाला, चेंडू कुणाच्या तरी हाताला लागून वर उडाला आणि मायकल वेस्टब्रुकच्या मिठीत पडला. ६४ यार्ड, २७-२६. अमेरिकेत अजून तो पास दाखवतात. आणि आम्ही तिकीट असून डाळीला फोडणी देत होतो.

इथून पुढचं जरा लाजिरवाणं आहे. नोकरीला लागल्यावर डेट्रॉईटकडच्या एका ऑफिसात जेवणाच्या वेळी कुणीतरी तो पास काढला. मी म्हणालो, मी होतो तिथे. खोटं नव्हतंच, तिकिटाचा तुकडा पाकिटात होता. “मग काय दिसलं?” आणि मी सांगायला लागलो. चेंडूची कमान, झुबका, टप्पा, वेस्टब्रुक. सगळं इतकं स्वच्छ आलं, की मीच चकित झालो. दुसऱ्यांदा सांगताना बारकावे वाढले. पाच-सात वर्षांत मला आजोबांचा पडलेला चेहरासुद्धा दिसायला लागला. ते त्या वेळी माझ्यापासून निदान अर्धा मैल लांब होते.

मिशिगनच्या माणसांची एक खोड आहे. जगात कुठेही पिवळा ‘एम’ असलेली निळी टोपी दिसली, की अनोळखी माणूस “गो ब्लू” म्हणतो. जय हरीला जय हरी म्हणावं तसं आपणही म्हणायचं. मुंबईच्या विमानतळावर बॅगांच्या पट्ट्याशी मला असाच एक टोपीवाला भेटला. ठाण्याचा निघाला. बॅगा येईनात, मग तिथल्या आठवणी निघाल्या, आणि मी माझा हुकमी एक्का काढला. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “तुम्ही बसला कुठे होता?” मी भाग सांगितला. “मग चेंडू हाताला लागलेला कसा दिसला? तो तर तुमच्या पार उलट्या टोकाला. मी त्या टोकाला होतो, मला नाही दिसला.” मी बॅगेकडे बघत राहिलो. तो सांगत होता तेच बरोबर होतं. मी जे आठवत होतो ते कॅमेऱ्याच्या जागेवरून होतं. माझी बॅग आली तेव्हा मला त्या पट्ट्याचा फार आधार वाटला.

पण तेव्हापासून मी लोकांना हाच प्रश्न विचारायला लागलो. काय झालं ते नको, तुला काय दिसलं ते सांग. त्यातून एकेक बाहेर येतं. १९९७चा ओहायो स्टेटविरुद्धचा सामना घ्या. (या दोन राज्यांत टोलेडोच्या पट्ट्यावरून १८३५ साली फौजा निघाल्या होत्या, त्यामुळे हे फुटबॉलचं वैर आहे असं समजू नका. सीमावाद किती पिढ्या चालतो हे आपल्याला वेगळं सांगायला नको.) मिशिगनच्या चार्ल्स वुडसनने पंट, म्हणजे समोरच्यांनी लाथेने लांब उडवलेला चेंडू, पकडून ७८ यार्ड पळत आणला, सामना २०-१४ जिंकला, दातांत गुलाब धरलेला त्याचा फोटो झळकला. मी त्या दिवशी शेवटपर्यंत स्टेडियममध्येच होतो. शपथेवर सांगतो. फक्त तो पळत होता तेव्हा मी मुतारीच्या रांगेत होतो. डोक्यावरचं काँक्रीट थरथरायला लागलं. रांगेतल्या निम्म्यांनी बाहेर धूम ठोकली. उरलेल्या निम्म्यांची अवस्था मध्येच सोडून येण्यासारखी नव्हती. ते तसेच उभे राहून भिंतीकडे बघत ओरडत होते. वुडसनला त्या मोसमात हाइझमन, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, मिळाला. मला तो पंट म्हटलं की पांढऱ्या फरश्या आठवतात.

२००७ साली माझा आतेभाऊ कोल्हापूरहून आला होता. एक सप्टेंबर, मोसमातला पहिला सामना, समोर अ‍ॅपलेचियन स्टेट. खालच्या गटातला डोंगराळ भागातला संघ, आणि मिशिगन देशात पाचवं. मी त्याला म्हटलं, सरावाची मॅच आहे, मजा कर. बाहेर पार्किंगमध्ये मित्रांच्या गाडीमागे थर्मासमधला मिसळीचा कट ओतून घेतला, कारण आत पिशवी नेऊ देत नव्हते. आतेभावाला नियम काही समजले नाहीत. एवढं मात्र चटकन समजलं, की एक बारकी टीम आहे आणि तिच्या मागे कुणी नाही. तालमीत वाढलेल्या माणसाचं काळीज ते, बारक्याच्या बाजूने गेलं. हाफटाइमला बारके २८-१७ पुढे! शेवटी ३४-३२, मिशिगनची किक खांबांमधून गेली असती तर जिंकलं असतं, आणि घड्याळात किती असावेत? सहा सेकंद. किक अडवली गेली. पुन्हा ती शांतता, या वेळी आतून ऐकली. आणि त्या लाखभर माणसांच्या शांततेत आमच्या रांगेतून एकच आवाज, “लईऽऽ भारी!” त्याला ओढून खाली बसवताना माझा खांदा दुखावला. आजही तो पापाच्या तिकटीवर कुणालाही थांबवून सांगतो, की अमेरिकेत मी एकच मॅच बघितली आणि ती इतिहासात गेली. स्कोअर त्याला आठवत नाही. मिसळ आठवते.

आजोबा-आजींना मी पुढे बऱ्याच वेळा भेटलो. सामना संपेपर्यंत ते मला उठू देत नसत. मग एका वर्षी त्या दोन नंबरांवर दुसरंच जोडपं बसलेलं होतं. त्यांना विचारायचं धाडस झालं नाही. ती जास्तीची एक जागा कुठे असेल, असा विचार त्या दिवशी मात्र डोक्यात आला, आणि मी उगीच रांगेतले नंबर मोजत बसलो.

२०११चा रात्रीचा पहिला सामना, दोन सेकंद उरले असताना जिंकलेला. २०१५चा मिशिगन स्टेटविरुद्धचा, दहा सेकंद उरले असताना पंट हातातून सुटून हरलेला. हे दोन्ही मी घरी सोफ्यावर बघितले, म्हणून त्यांच्याबद्दल मी गप्प बसतो. तेवढं शिकलोय.

माझी मुलगी त्याच विद्यापीठात शिकली. २७ नोव्हेंबर २०२१, ओहायो स्टेट, बर्फ पडत होता. दहा वर्षं त्यांच्याकडून हारच चालली होती. ती विद्यार्थ्यांच्या कोपऱ्यात, आम्ही दोघं वर, एकाच ब्लँकेटमध्ये. हसन हॅस्किन्स पुन्हा पुन्हा मुसंडी मारत होता, पाच टचडाउन केले त्याने. मी घड्याळाकडेच बघत होतो, पंधरा पॉइंटांची आघाडी असूनही. सहा सेकंद आले, गेले. ४२-२७. आणि तो सगळा कोपरा कठड्यावरून मैदानात ओतला. हिरवं दिसेना, पांढरं दिसेना, नुसता पिवळा-निळा चिखल. बायको त्यात मुलीची टोपी शोधत होती. निम्म्या टोप्या तशाच होत्या.

मुलगी रात्री उशिरा घरी आली, आवाज पार बसलेला. मी लगेच माझा प्रश्न विचारला, काय दिसलं?

“पाठी,” ती म्हणाली. “बाबा, नुसत्या पाठी. मी बुटकी आहे.” मग जरा वेळाने, “पण मी उभी होते तिथे. मैदानावर.”

तिने बूट दारात काढले. कृत्रिम गवतात काळ्या रबराचे बारीक दाणे घातलेले असतात, ते बर्फाच्या पाण्याबरोबर बुटांतून पायपुसण्यावर सांडले, मोहरी सांडावी तसे. ती त्यांच्याकडे बघत हसली आणि तशीच झोपायला गेली. सकाळी उठून ती एक रिकामी काचेची बाटली घेऊन दारात आली तेव्हा पायपुसणं स्वच्छ होतं. बायकोने पहाटेच व्हॅक्यूम फिरवला होता.

त्यानंतर अर्धा तास आम्ही तिघं गॅरेजमध्ये वर्तमानपत्र पसरून व्हॅक्यूमची पिशवी उपसत होतो. केस, तांदूळ, कोथिंबिरीची वाळकी काडी, पेन्सिलीचं टोपण. काळे दाणे मिळाले, मूठभर. त्यातले मैदानावरचे किती आणि जिरंमोहरीतले किती, यावर मायलेकींचा वाद चालू होता.

“सगळे भर,” मी म्हणालो.