नेदराइट मोहीम, नोंद सातवी : भिंतीत सोने का नव्हते

माइनक्राफ्ट या खेळातल्या नेदर या पाताळासारख्या जगातून नेदराइट हा धातू मिळवण्याची ही मोहीम आहे; तिथे बेडवर झोपू पाहिले की त्याचा स्फोट होतो, म्हणून खाणकामासाठी मी बेड फोडतो. शुक्रवारी रात्री अकराच्या सुमारास एक्स (पूर्व-पश्चिम अंतर) उणे ४१६ या रेषेपलीकडे दुसराच बेड फोडला आणि धूर विरल्यावर खड्ड्याच्या तळाशी एकमेकांना चिकटलेले तीन एन्शंट डेब्री, म्हणजे नेदराइटच्या कच्च्या खनिजाचे ब्लॉक, दिसले. मागच्या दोन नोंदी ज्यांनी वाचल्या असतील, त्यांना या तीन ब्लॉकचे मोल वेगळे सांगायला नको. त्याआधी ९६ बेड फोडून माझ्या हाती एकही डेब्री आलेला नव्हता.

थोडी उजळणी करतो. पूर्वेकडच्या दुसऱ्या पोर्टलजवळ (नेदरमध्ये येण्याच्या दाराजवळ), क्रिम्झन या लाल जंगलाखाली, ४४ बेडमध्ये मला ८ डेब्री मिळाले होते. ते ठिकाण घरापासून लांब पडत असल्याने पाचव्या नोंदीत मी काम घरच्या पोर्टलखाली हलवले. वाय, म्हणजे उंची, १५ वर उत्तरेला ३०० आणि पश्चिमेला २७६ ब्लॉक असे दोन बोगदे काढले आणि दर सहा ब्लॉकवर एक बेड या हिशोबाने ते पूर्ण फोडून काढले. पूर्वेच्या दराने येथे सतराच्या आसपास डेब्री मिळायला हवे होते. चार-पाच मिळाले असते तरी नशीब म्हणून सोडून दिले असते, पण पूर्ण शून्य हा आकडा पटण्यासारखा नव्हता. एका चंकमध्ये (जगाच्या १६ बाय १६ ब्लॉकच्या तुकड्यात) सरासरी दीडच्या आसपास डेब्री असतात आणि त्यांतील मोठा साठा वाय ८ ते २४ यांच्या दरम्यान, मध्यावर सर्वांत दाट, असा तयार होतो. माझे दोन्ही बोगदे नेमके त्या मध्यावरून गेले होते.

पहिला संशय उंचीवर गेला. एफ३ कळ दाबल्यावर येणाऱ्या माहितीच्या पडद्यावर दिसणारा वाय आपल्या पायांचा असतो, त्यामुळे बेड एखादा थर वर किंवा खाली बसत असेल असे वाटून मी शेवटचे वीस बेड वाय १३ पासून १७ पर्यंत वेगवेगळ्या थरांवर लावून पाहिले, पण काही फरक पडला नाही. मग आवृत्तीचा विचार केला. १.१८ मध्ये ओव्हरवर्ल्डची, म्हणजे नेदरबाहेरच्या मूळ जगाची, खोली वाढली आणि हिऱ्यांचा सर्वांत दाट थर उणे ५९ च्या आसपास गेला, हे खरे. पण नेदरमधल्या डेब्रीची उंची त्या वेळी बदलली नाही. त्यानंतर स्फोटाचा विचार आला. बेडच्या स्फोटाची शक्ती ५ असते आणि टीएनटी या स्फोटक ब्लॉकची ४. नेदररॅक, म्हणजे नेदरचा सर्वसाधारण दगड, इतका ठिसूळ असतो की बेडने साधारण आठ ब्लॉक रुंदीचा खड्डा सहज पडतो, तर डेब्रीची स्फोटरोधकता १२०० असल्याने स्फोटात तो नष्ट होण्याची भीती नसते. म्हणजे डेब्री उडून गेले, हीही शक्यता बाद झाली. एक संपूर्ण संध्याकाळ मी हे बोगदे मशाली लावत पुन्हा चालून काढले, कारण तपकिरी भिंतीत एखादा तपकिरी ब्लॉक नजरेतून निसटणे अगदी शक्य असते. काहीच निसटलेले नव्हते.

उत्तर मिळाले ते त्याच फेरीत, आणि तेही डेब्रीकडे न पाहता. परतताना पिशवीतला माल लावत होतो, तेव्हा लक्षात आले की क्वार्ट्जचे सहा स्टॅक (६४ नगांचे संच) झाले आहेत आणि सोन्याचा नगेट एकही नाही. पूर्वेच्या पोर्टलखाली सोन्याचे तुकडे इतके येत की ते टाकून द्यावे लागत. नेदर गोल्ड ओर, म्हणजे नेदरमधले सोन्याचे खनिज, वाय १० ते ११७ या पट्ट्यात सर्वत्र असते, त्यामुळे पावणेसहाशे ब्लॉकच्या बोगद्यात ते एकदाही दिसू नये, हे डेब्री न मिळण्यापेक्षाही अशक्य होते. काळ्या ब्लॅकस्टोनचे गठ्ठेही कुठे आढळले नव्हते. नेदर गोल्ड, ब्लॅकस्टोन आणि एन्शंट डेब्री या तिन्ही गोष्टी खेळात एकाच दिवशी आल्या : २३ जून २०२० रोजी, १.१६ या नेदर अपडेटमध्ये. आमचे जग मात्र २०१९ चे, १.१४ मध्ये सुरू केलेले आहे.

एकदा तयार झालेला चंक नव्या आवृत्तीत उघडला तरी त्यात नवी खनिजे येत नाहीत, हे मला माहीत होते. म्हणूनच घराभोवतीचा लहानसा जुना भाग सोडून पुढे गेलो आहोत, अशी माझी समजूत होती. धाकट्या भावाला फोन केला तेव्हा तो म्हणाला, "दादा, फोर्ट्रेस सापडेपर्यंत मी महिनाभर उत्तर-पश्चिमेला हिंडत होतो, आठवत नाही का तुला?" फोर्ट्रेस म्हणजे नेदरमधला किल्ला. तेव्हाच्या लॅपटॉपवर आम्ही रेंडर डिस्टन्स, म्हणजे खेळ आपल्या प्रत्येक बाजूला किती चंक उघडतो तो आकडा, ८ ठेवायचो. त्यामुळे तो जिथून चालत गेला तिथे दोन्ही बाजूंचे आठ-आठ आणि पायाखालचा एक, असे सतरा चंक, म्हणजे २७२ ब्लॉक रुंदीचा पट्टा, १.१४ च्या नियमांनी तयार होऊन बसला. अशा दोन-तीन फेऱ्या शेजारी-शेजारी झाल्या की घराभोवतीचा सगळा नेदर जुना ठरतो. त्या बाजूला क्रिम्झन किंवा वॉर्प्ड जंगल एकदाही का दिसले नाही आणि एकही बॅस्टियन (नेदरमधला पडका गड) का सापडला नाही, याचाही उलगडा त्याच फोनवर झाला.

नकाशावर अंदाज बांधण्यापेक्षा सीमा प्रत्यक्ष पाहावी, असे ठरवले. पश्चिमेचा बोगदा बेड न वापरता, फक्त पिकॅक्सने, दोन ब्लॉक उंचीचा पुढे नेला. हिऱ्याच्या पिकॅक्सवर एफिशिएन्सी (खणण्याचा वेग वाढवणारी जादू) २ असली तरी नेदररॅक एका फटक्यात फुटतो, त्यामुळे १८० ब्लॉकला फारसा वेळ लागला नाही. एफ३ आणि जी दाबून चंकच्या रेषा सुरू ठेवल्या होत्या. एक्स उणे ४१६ च्या पलीकडे पाऊल टाकताच डाव्या भिंतीत ब्लॅकस्टोनचा मोठा गठ्ठा लागला आणि त्याची पूर्वेकडची बाजू चंकच्या रेषेवर सुरीने कापावी तशी सरळ संपलेली होती. नव्या चंकने आपला गठ्ठा टाकला, पण शेजारचा जुना चंक आधीच पूर्ण झालेला असल्याने त्याच्या हद्दीत एकही ब्लॉक गेला नाही. त्या कापाच्या तीन ब्लॉक पुढे नेदर गोल्ड होते. मी बराच वेळ ती भिंत पाहत तिथेच उभा राहिलो.

त्या रात्री आणि शनिवारी मिळून वीस बेड फोडले आणि पाच डेब्री हाती आले. बेड आणि आपण यांच्यामध्ये एक नेदररॅकचा ब्लॉक ठेवण्याची जुनी पद्धत मी सोडलेली नाही आणि नव्याने सुरुवात करणाऱ्यांनीही ती सोडू नये. सोबत आठ मिनिटांचे फायर रेझिस्टन्स (आगीपासून वाचवणारे पेय) ठेवावे, कारण वाय १५ वर लाव्हा नेहमी अनपेक्षित बाजूने येतो. सीमेच्या नैऋत्येला बेसाल्ट डेल्टा, म्हणजे कठीण काळ्या दगडाचा प्रदेश, लागतो. तिथे डेब्री असले तरी बेसाल्ट आणि ब्लॅकस्टोनमध्ये बेडचा स्फोट जेमतेम एका ब्लॉकपर्यंत पोहोचतो, म्हणून ती दिशा सोडली.

आता पुढचे. जुने चंक पुसून नव्याने तयार करावेत, हा मोह साहजिक आहे. एमसीए सिलेक्टर हे त्यासाठी माझ्या मते सर्वांत चांगले साधन आहे. त्यात हवे ते चंक निवडून काढता येतात, तर नेदरच्या फोल्डरमधली रीजन फाइल हाताने उडवली की एकदम ५१२ बाय ५१२ ब्लॉकचा तुकडा जातो. गुरुवारपर्यंत माझा बेत हाच होता आणि जगाची बॅकअप प्रतही काढून ठेवली होती. पण १.१६ मध्ये फोर्ट्रेसची जागा ठरवण्याची पद्धतही बदलली आहे. भावाने महिनाभर हिंडून शोधलेला फोर्ट्रेस आणि त्यातला आमचा ब्लेझ स्पॉनर (ब्लेझ हे शत्रू निर्माण करणारा ब्लॉक) पुन्हा त्याच जागी उभा राहील, याची काही शाश्वती नाही. त्यामुळे चंक पुसण्याचा बेत मी रद्द केला आहे.

हिशोब मांडताना आणखी एक बदल करावा लागला. दोघांसाठी प्रत्येकी नऊ वस्तू (चिलखत आणि अवजारे), म्हणजे १८ इंगट (नेदराइटच्या विटा) आणि ७२ डेब्री, असे लक्ष्य होते. चार स्क्रॅप (एका डेब्रीतून एक निघतो) आणि चार सोन्याच्या विटा मिळून एक इंगट होतो, हे सर्वांना ठाऊक आहेच. पण १.२० पासून प्रत्येक वस्तूला एक अपग्रेड टेम्प्लेटही (बॅस्टियनमध्ये मिळणारा साचा) लागतो, आणि एका टेम्प्लेटचे दोन करायला सात हिरे व एक नेदररॅक खर्ची पडतो. एकच टेम्प्लेट सापडला असे धरले, तर १८ वस्तूंना ११९ हिरे लागतात. शेतीच्या दोन कुदळी वगळल्या, तर १६ वस्तू, १०५ हिरे आणि ६४ डेब्री एवढ्यात काम भागते. कुदळ नेदराइटची करण्यात मला विशेष लाभ दिसत नाही, त्यामुळे त्या वगळल्या. हातात १३ डेब्री आहेत, उरले ५१. आतापर्यंतच्या खऱ्या दराने (जुन्या चंकमधले ९६ बेड सोडून), म्हणजे दर पाच बेडमागे एक डेब्री या दराने, २५५ बेड लागतील आणि त्यासाठी ७६५ लोकर.

हे लिहीत असतानाच जाणवते आहे की इथे बेडचा हट्ट धरणे योग्य नाही. बेड एकावर एक रचता येत नाहीत, तर टीएनटी ६४ च्या स्टॅकमध्ये मावते, आणि नव्या सीमेपर्यंतचा प्रवास लांब आहे. मेंढपाळ गावकरी पाचूंच्या मोबदल्यात बेड देतो, पण ते वाहून न्यायचे ओझे कमी होत नाही. टीएनटीला पाच गनपावडर आणि चार वाळू लागते. वाळूचा प्रश्न नाही, गनपावडर मिळवून देणारा क्रीपर फार्म मात्र अर्धवट आहे. या आठवड्यात आधी तो फार्म पूर्ण करतो, आणि सीमेपलीकडे पन्नास टीएनटी एका ओळीत लावून बेडशी तुलना करतो. त्याच फेरीत बॅस्टियनही शोधायचा आहे. खजिन्याचे दालन असलेला बॅस्टियन मिळाला, तर पहिला टेम्प्लेट हमखास मिळेल.

रविवारी भाऊ जगात आला होता. त्याने कापलेल्या ब्लॅकस्टोनवर एक पाटी लावली आहे : "पूर्वेला १.१४, पश्चिमेला १.१६."