तांडापेठेची मतं

निवडणूक आली की नागपूरच्या वर्तमानपत्रांना हलबा समाजाच्या, म्हणजे आम्हा हलबा-कोष्टी विणकरांच्या, गठ्ठा मतांची आठवण होते. गोळीबार चौक, तांडापेठ, नाईक तलाव, पाचपावली, टिमकी अशी वस्त्यांची नावं छापायची, पुढे 'निर्णायक' लिहायचं, झाली बातमी. आम्ही राहतो भंडारा जिल्ह्यात, मोहाडी तालुक्यात. पण आमच्या कोष्टी मोहल्ल्यातल्या बहुतेक घरांचं कोणी ना कोणी त्या वस्त्यांत आहे. माझं तर आजोळच तांडापेठेतलं. शिवाय एक टर्म ग्रामपंचायतीत मेंबर होते, त्यामुळे मतं कशी जमतात आणि कशी फुटतात हे थोडंफार कळतं.

तर माझं म्हणणं असं, की तो गठ्ठा जातीनं बांधलेला नव्हताच. पाजणीनं बांधला होता.

माग ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. ताणा म्हणजे कापडातलं उभं सूत. मागावर चढवायच्या आधी त्याला खळ पाजावी लागते, नाहीतर धोट्याच्या माराखाली धागे पटापट तुटतात. त्यासाठी तो ताणा गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणायचा, मधे मधे बांबूंचा टेकू द्यायचा, खळ लावायची आणि दोघांनी दोन बाजूंनी लांब कुंचला ओढत न्यायचा. मागोमाग बाकीचे तुटलेले धागे सांधत चालतात. ऊन चढायच्या आत सगळं उरकायचं. एका घराच्या माणसांनी हे होत नाही, म्हणून पहाटे अख्खी गल्ली बाहेर. आज तुझा ताणा, उद्या माझा. दुसऱ्याच्या पाजणीला जो गेला नाही, त्याच्या पाजणीला कुत्रंही फिरकायचं नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी मामीशेजारी रहाटावर कांड्या भरत बसायची आणि बाहेरचं बोलणं ऐकायची. सुताचा भाव, कोणाच्या पोरीचं जमलं, कोणत्या व्यापाऱ्यानं लुगड्यात खोट काढून पैसे कापले, आणि मत कोणाला. सगळं त्या ताण्याच्या दोन्ही बाजूंना उभं राहूनच ठरायचं.

मामा सांगत, "आमच्या गल्लीत मत मांगाले येनाऱ्याले पयले ताण्याखालून वाकून यावं लागे. मंग तो कोनी बी असो."

नागपुरातली एम्प्रेस कापड मिल 1877 साली सुरू झाली. एका घरात एक भाऊ मागावर, दुसरा मिलच्या पाळीत, असं आजोबांच्या पिढीत सर्रास होतं. म्हणून कामगारांचा पुढारी या गल्ल्यांना परका नव्हता. कॉम्रेड ए. बी. बर्धन 1957 ला नागपुरातून अपक्ष म्हणून विधानसभेत गेले. 1971 ला देशभर इंदिराबाईंची लाट होती, तरी नागपूरनं फॉरवर्ड ब्लॉकच्या जांबुवंतराव धोटेंना दिल्लीला पाठवलं. ही सगळी करामत विणकरांची, असं काही मी म्हणणार नाही. नागपूर मोठं आहे. पण मामाच्या गल्लीत त्या दिवसांत पक्ष कोणता हे नंतर विचारत, माणूस कोणाच्या बाजूचा हे आधी.

मग नऊवारी लुगडं गेलं. बाया पाचवारीवर आल्या, ती पाचवारी पॉवरलूमची, हातमागाच्या निम्म्या भावाची. सरकार हातमागावर विणून घ्यायचं ती स्वस्तातली जनता साडी, जनता धोतर होतं तोवर काही घरांनी दम धरला, ते बंद झाल्यावर मागाची लाकडं चुलीत गेली. एम्प्रेस मिल 1986 ला सरकारकडे आली आणि 2002 ला कायमची बंद पडली. पोरं ऑटोवर गेली, पानठेल्यावर बसली, काहींनी सावजी भोजनालयं टाकली. (सावजीच्या रश्शानं घाम फुटलेले पुण्या-मुंबईचे लोक पाहते तेव्हा वाटतं, हे आमच्या विणकरांच्या चुलीवरचं कालवण आहे हे यांना कोणी सांगितलंच नाही.) माग गेला तशी पाजणी गेली. गल्ली राहिली, पण गल्लीला रोज पहाटे एकत्र बोलावणारं काम राहिलं नाही.

माग असे उठू लागले होते त्याच काळात जातीचा दाखला आला. हलबा, हलबी ही जमात 1950 पासून अनुसूचित जमातींच्या यादीत आहे, पण विदर्भात तो लाभ मेळघाट, गडचिरोली, सिरोंचा अशा ठरावीक तालुक्यांपुरता होता. 1976 च्या कायद्यानं तालुक्यांची अट काढली, 27 जुलै 1977 पासून ते लागू झालं, आणि नागपूरच्या विणकर पोरांना आदिवासी म्हणून दाखले मिळू लागले. आमच्या नात्यात पहिले डॉक्टर, पहिले इंजिनियर, पहिले बँकवाले त्यातूनच झाले. गडचिरोलीच्या आदिवासींनी विरोध केला. त्यांचं दुखणंही खोटं नव्हतं; जंगलातल्या पोरानं शहरातल्या पोराशी एकाच रांगेत उभं राहायचं म्हणजे काय, हे आम्हा खेड्यातल्यांना वेगळं सांगावं लागत नाही. 28 नोव्हेंबर 2000 ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं सांगितलं की हलबा-कोष्टी म्हणजे यादीतले हलबा नव्हेत. मात्र तोवर पक्के झालेले प्रवेश आणि नेमणुका वाचवल्या. 2017 च्या निकालानं ती सवलतही आवळली. डिसेंबर 2019 ला राज्य सरकारनं अशा कर्मचाऱ्यांना अधिसंख्य, म्हणजे मंजूर पदांच्या वरच्या जादा, पदांवर टाकलं, 11 महिन्यांच्या बोलीवर. माझा एक मामेभाऊ त्यातलाच. उभी नोकरी केलेला माणूस, ऑर्डर हातात घेऊन मला विचारतो, "ताई, आता मी रोजंदारीवर का?"

मधल्या वीस-पंचवीस वर्षांत मतांचा गठ्ठा बांधला तो या दाखल्यानं. सभा मोठ्या व्हायच्या, मोर्चे निघायचे, आणि प्रत्येक पक्षाचा माणूस व्यासपीठावर येऊन "तुमचा प्रश्न मार्गी लावतो" म्हणायचा. पाजणीच्या वेळी उमेदवाराला सुताचा भाव कमी कर म्हणून धरता येत होतं. आता तो कोर्टाकडे बोट दाखवून मोकळा. आणि दाखला सगळ्यांना सारखा कुठे लागतो? ज्याच्या घरी सरकारी नोकरी त्याला झोप नाही, सावजीवाल्याला गॅस सिलिंडरच्या भावाची काळजी, मागावर उरलेल्या म्हाताऱ्याला कशाचंच कोणी विचारत नाही.

त्यात वॉर्डांचा खेळ. नागपूर महापालिकेत 2002 ला तीन सदस्यांचा प्रभाग, 2007 ला एकाचा, 2012 ला दोघांचा, 2017 ला चौघांचा. 151 नगरसेवक आणि प्रभाग फक्त 38. एकाचा वॉर्ड असतो तेव्हा दोन गल्ल्या रुसल्या तरी नगरसेवकाला घाम फुटतो. चौघांच्या प्रभागात त्याच दोन गल्ल्या कुठल्या कुठे बुडून जातात. हे मला आमच्या ग्रामपंचायतीवरून चांगलं कळतं. वॉर्डाची हद्द एका नालीच्या अलीकडची पलीकडे नेली तरी इथं मेंबर बदलतो. शिवाय भावाभावांत घरं पुरेनात, तेव्हा पोरं शहराबाहेर ले-आऊटमध्ये गेली. मतदार यादीत नाव तांडापेठेतच, पण कामाच्या दगदगीत तेवढ्यासाठी तिथवर यायचा कंटाळा.

या वस्त्या ज्यात येतात त्या मध्य नागपूर विधानसभा मतदारसंघात 2009, 2014 आणि 2019 अशा तीन वेळा भाजपचे विकास कुंभारे निवडून आले, समाजातला माणूस. 2024 ला तिकीट प्रवीण दटकेंना गेलं. गोळीबार चौकात नाराजी उसळली, समाजाचा माणूस अपक्ष उभा राहिला, आणि तरी दटके आले. मामेभावाला फोनवर विचारलं तर म्हणाला, "आमच्या एका घरातच तीन ठिकाणी मतं गेली, तू गल्लीचं काय विचारून राहिली!"

इकडे आमच्या मोहल्ल्यात थोडे माग अजून चालतात, कोशाचे (टसर रेशमाचे), करवती काठाचे. मजुरीत भागत नाही आणि कोशाचं सूत महाग. मागच्या निवडणुकीत एक उमेदवार दारी आला, खुर्ची दिली, चहा दिला. मी म्हटलं, "भाऊ, सूत स्वस्तात कुठून मिळवून देता ते सांगा." तो म्हणाला, "ताई, सुताचं पाहू जी. पन तुमच्या दाखल्याचं मी वरपर्यंत बोलून ठेवलं आहे."