बियाण्याची पोती आणि दुपदरी भिंत

२५ एप्रिल २०१५ रोजी दुपारी बाराच्या किंचित आधी नेपाळच्या गोरखा जिल्ह्यातल्या बारपाक गावाजवळ ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला. बारपाकपाशी सुरू झालेली फाट जमिनीखालून पूर्वेकडे, काठमांडूच्या उत्तर अंगाने, सुमारे दीडशे किलोमीटर सरकत गेली, आणि तिच्या पूर्व टोकाकडे असलेल्या सिंधुपाल्चोक जिल्ह्यात सर्वांत जास्त, म्हणजे साडेतीन हजारांच्या आसपास माणसे दगावली. इमारतींच्या तपासणीसाठी गेलेल्या अभियंत्यांच्या एका तुकडीबरोबर मी मे महिन्यात या जिल्ह्यात काम करत होते. १२ मे रोजी तेथे जे पाहिले ते सविस्तर नोंदवून ठेवावे असे मला अनेक वर्षे वाटत आले आहे, कारण भूकंपाची चर्चा बहुतेक वेळा तीव्रतेच्या आकड्यापाशी सुरू होते आणि तेथेच संपते, तर त्या दिवशी माझ्यासमोर होती ती एक भिंत.

आमचे काम ठरलेले होते. घराभोवती फिरायचे, पाया, कोपरे, भिंतींचा तोल आणि छताचा आधार पाहायचा, शक्य असेल तेथेच आत डोकावायचे आणि दारावर चिठ्ठी लावायची: हिरवी म्हणजे राहण्यास हरकत नाही, पिवळी म्हणजे मर्यादित वापर, लाल म्हणजे आत पाऊल टाकू नये. ही पाहणी जलद आणि डोळ्यांनी करायची असते. चिठ्ठी सांगते ती इमारतीची त्या दिवसाची अवस्था. पुढच्या धक्क्यानंतर ती पुन्हा तपासावीच लागते. पहिल्या भूकंपानंतर तासाभराच्या आत ६.६ आणि दुसऱ्या दिवशी ६.७ तीव्रतेचे धक्के बसले होते, लहान धक्क्यांची तर गणतीच नव्हती. त्यामुळे प्रत्येक चिठ्ठीवर तारीख घालण्याबाबत आमच्या तुकडीतला नेपाळी कनिष्ठ अभियंता फार काटेकोर होता, आणि त्याचा तो काटेकोरपणा मला पटत असे.

त्या सकाळी आम्ही जिल्ह्याचे मुख्यालय असलेल्या चौताराहून निघून डोंगराच्या धारेवर वसलेल्या एका वस्तीत पोहोचलो. धारेवरच्या घरांचे नुकसान उतारावरच्या घरांपेक्षा अधिक दिसत होते. डोंगराच्या अरुंद माथ्याशी भूकंपलहरी एकवटतात आणि तेथे जमीन जास्त हलते, हे आम्ही शिकलेले असतो. परंतु शे-दोनशे मीटर खाली चढ-उतार केला की पडझडीचे प्रमाण बदललेले दिसते, तेव्हा त्याचा खरा अर्थ कळतो.

वस्तीच्या टोकाला एका वृद्ध बाईंचे दगड-मातीचे दुमजली घर होते. माळ्याकडच्या बाजूची त्रिकोणी भिंत बाहेर कोसळली होती, दोन कोपऱ्यांत वरून खाली उभ्या भेगा गेल्या होत्या, आणि रस्त्याकडच्या भिंतीचा मधला भाग बाहेरच्या बाजूला फुगला होता. घर मात्र उभे होते. त्या आमांनी माझा हात धरला आणि विचारले, "नानी, आत जाऊ का? जास्त काही नको. वर बियाण्याचे धान आणि कोदो आहे, तेवढे खाली आणते." नेपाळीत आमा म्हणजे आई, नानी म्हणजे बाळ आणि कोदो म्हणजे नाचणी.

हा प्रश्न साधा नव्हता. पावसाळा महिन्याभरावर आला होता. बियाणे गेले असते तर त्या वर्षीचे शेत गेले असते, आणि घर पडलेल्या कुटुंबाला शेत गमावणे परवडणारे नव्हते. आजूबाजूच्या घरांतले लोक असेच काहीबाही काढण्यासाठी दिवसातून अनेकदा आत-बाहेर करत होते. घर इतके धक्के खाऊनही उभे राहिले आहे, तेव्हा ते मजबूतच असले पाहिजे, असा त्यांचा हिशेब होता. तो हिशेब चुकीचा का आहे, हे समजण्यासाठी त्या भिंतीची रचना समजून घ्यावी लागते.

नेपाळच्या मध्य डोंगराळ पट्ट्यातली अशी भिंत बाहेरून दीड-दोन फूट जाडीची आणि भक्कम दिसते. प्रत्यक्षात तिचे दोन पदर असतात. बाहेरचा पदर घडीव तोंडाच्या दगडांचा, आतला पदर तसाच, आणि दोहोंच्या मध्ये बारीक दगड व माती भरलेली. दोन्ही पदरांना बांधून ठेवणारा, भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड घातलेला नसेल, तर त्या एकमेकींना टेकून उभ्या असलेल्या दोन पातळ भिंती ठरतात. जमीन हलली की मधली माती आणि बारीक दगड खाली बसतात व पाचरीसारखे काम करून दोन्ही पदरांना एकमेकांपासून दूर ढकलतात. बाहेर दिसणारा फुगवटा हा त्याचा परिणाम. प्रत्येक धक्क्याबरोबर ती पाचर थोडी अधिक खोल जाते आणि मातीची पकड थोडी अधिक सुटते. म्हणून आदल्या धक्क्यांना टिकलेली भिंत पुढच्या धक्क्याला टिकण्याची शक्यता कमी झालेली असते. त्यात मजल्याची लाकडी वाशे बहुधा फक्त आतल्या पदरावर टेकलेली असतात, आणि वरचे सगळे धान्य त्या वाशांवर असते.

मी आमांना आत जाऊ दिले नाही. पण "जाऊ नका" एवढेच सांगून, लाल चिठ्ठी लावून पुढच्या घराकडे वळणे मला योग्य वाटेना. आम्ही निघून गेल्यावर त्या आत गेल्याच असत्या, आणि त्यांच्या जागी मीही गेले असते. कनिष्ठ अभियंत्याशी आणि वस्तीतल्या एका जुन्या डकर्मीशी, म्हणजे दगडकाम करणाऱ्या मिस्त्रीशी, बोलून आम्ही एक मार्ग काढला. त्रिकोणी भिंत पडल्यामुळे माळा त्या बाजूने उघडाच होता. घराची ती बाजू उंच बांधाला लागून होती आणि बांध माळ्याच्या बराच जवळ होता. बांधावरून दोन लांब बांबू माळ्याच्या कडेशी नेऊन आकडी लावलेल्या काठीने पोती ओढून घेता येतील, कोणालाही घराच्या आत किंवा फुगलेल्या भिंतीखाली जावे लागणार नाही, असा अंदाज आम्ही बांधला. वस्तीतल्या तरुणांनी ते काम मन लावून केले. एक पोते फाटले आणि बरेचसे कोदो खाली सांडले, तेवढे वगळता बियाणे बांधावर आले. घराच्या तिन्ही बाजूंनी दोरी बांधून कोणी जवळ येऊ नये अशी व्यवस्था केली, लाल चिठ्ठी लावली आणि आम्ही शाळेकडे निघालो.

शाळा हाकेच्या अंतरावर होती. दोन खोल्यांची एक बैठी इमारत दगड-मातीची आणि पूर्ण कोसळलेली. तिच्या शेजारी नंतर बांधलेली दुसरी, तीही दगडाचीच, परंतु सिमेंटच्या मसाल्यात बांधलेली आणि खिडक्या-दारांच्या वर चारी भिंतींवरून सलग फिरणारा काँक्रीटचा सळईयुक्त पट्टा असलेली. तिला भेगा होत्या, पण कोपरे सुटलेले नव्हते. २५ एप्रिलला शनिवार होता आणि नेपाळमध्ये शनिवारी शाळांना सुट्टी असते. पडलेल्या वर्गातली बाके दगडांखाली दबलेली पाहून मुख्याध्यापक शांतपणे म्हणाले, "रविवार असता तर या वर्गात पोरे असती." त्यावर काय बोलावे, हे आम्हा कोणालाच सुचले नाही.

शाळेच्या मोकळ्या पटांगणात उभे असताना, एक वाजण्यास दहा मिनिटे असताना, पायाखाली आधी बारीक थरथर जाणवली. ती पहिली, वेगाने येणारी लहर. तिच्या मागून येणारी जोराची लहर किती वेळाने पोहोचेल, हे केंद्र किती दूर आहे यावर ठरते. मध्ये चार-पाच सेकंद मिळाले आणि तेवढ्यात कनिष्ठ अभियंत्याने ओरडून सर्वांना पटांगणाच्या मध्यभागी बसवले. नंतर समजले, की तो ७.३ तीव्रतेचा भूकंप होता आणि त्याचे केंद्र आमच्या पूर्वेला, दोलखा व सिंधुपाल्चोक यांच्या सीमेलगत होते. एप्रिलमध्ये फाटत आलेली जमीन जेथे थांबली होती, तेथून पुढचा तुकडा त्या दिवशी सुटला.

पटांगणातून आमांचे घर दिसत होते. अशा भिंती कशा पडतात, हे मी पाठ्यपुस्तकांत शिकले होते आणि पडझडीनंतरच्या ढिगाऱ्यांवरून अनुमानाने लिहिलेही होते, परंतु घडताना कधी पाहिले नव्हते. फुगलेल्या भिंतीचा बाहेरचा पदर एकसंध पडदा सुटावा तसा रस्त्याकडे निसटला. आतला पदर क्षणभर तसाच उभा राहिला, अगदी दारे-खिडक्यांसकट. मग वाशांखालचे दगड सरकले, मजला एका बाजूने खाली आला आणि त्याने उरलेल्या भिंतीला ढकलून दिले. सगळे मिळून काही सेकंद. पाठोपाठ धारेवरून धूळ उठली, आणि तिच्यापलीकडे समोरच्या डोंगरांच्या उतारांवरूनही ठिकठिकाणी धुळीचे लोट उठताना दिसले. तेथे दरडी सुटल्या होत्या. ज्या शाळेच्या इमारतीला सलग पट्टा होता, तिच्या भेगा बोटभर रुंदावल्या आणि एका खिडकीखालचा भाग निखळला, पण चारही कोपरे बांधलेले राहिले आणि छत जागेवर राहिले.

आमा बांधावर पोत्यांजवळ होत्या. वस्तीतली सर्व माणसे सापडेपर्यंत आम्ही कोणीही दुसरे काही केले नाही. अर्ध्या तासाने ६.३ तीव्रतेचा आणखी एक धक्का बसला. त्या वस्तीत जीवितहानी झाली नाही. त्या दिवशीच्या भूकंपाने एकंदर मात्र दोनशेहून अधिक माणसे गेली. सकाळी लावलेल्या सगळ्या चिठ्ठ्या आम्ही रद्द ठरवल्या आणि जी घरे उभी होती त्यांची पाहणी दुपारपासून पुन्हा पहिल्यापासून केली. परतीचा रस्ता दरडींनी बंद झाल्यामुळे ती रात्र आम्ही वस्तीबरोबरच ताडपत्रीखाली काढली.

त्या रात्री डकर्मीने मला विचारले, की बांधून झालेल्या भिंतीत आरपार दगड आहे की नाही, हे बाहेरून कसे ओळखायचे. फारच नेमका प्रश्न होता. असा दगड भिंतीच्या दोन्ही तोंडांवर, एकाच ठिकाणी, दिसला पाहिजे. बांधतानाच दर दोन फूट उंचीला आणि फार तर चार-चार फुटांवर तो घालायचा, इतका लांब दगड मिळत नसेल तर त्या जागी मजबूत लाकूड किंवा सळई घातलेला काँक्रीटचा तुकडा ठेवायचा, कोपऱ्यात लांब दगड आलटून पालटून दोन्ही भिंतींत शिरवायचे, आणि जोते, खिडकीतळ, लिंटेल (दारा-खिडक्यांवरची आडवी तुळई) व छत या पातळ्यांवर सलग पट्टा फिरवायचा. यांतले पट्ट्याचे काम सोडले तर बाकीच्या कामांना पैसा जवळजवळ लागत नाही. डकर्मी म्हणाला, की त्याच्या आजोबांच्या काळात लांब लाकडे भिंतीत घालत असत, नंतर लाकूड महाग झाले आणि ती पद्धत मागे पडली.

पुढे पुनर्बांधणीच्या काळात नेपाळ सरकारने घरामागे तीन लाख नेपाळी रुपयांचे अनुदान तीन हप्त्यांत दिले. पुढचा हप्ता मिळण्यापूर्वी अभियंत्याने बांधकाम तपासायचे, अशी अट होती. या अटीवर टीका पुष्कळ झाली, विलंबही झाला, आणि ताडपत्रीखाली थंडी काढणाऱ्या लोकांचा त्यावरचा राग मला समजतो. तरीही ती अट योग्य होती असे माझे ठाम मत आहे, कारण भिंत पूर्ण झाल्यावर तिच्या पोटात काय आहे ते पाहता येत नाही. नेपाळची राष्ट्रीय इमारत संहिता १९८८ च्या उदयपूर भूकंपानंतर तयार होऊन कित्येक वर्षे झाली होती. डोंगरातल्या वस्तीपर्यंत ती खऱ्या अर्थाने पोहोचली ती या हप्त्यांच्या निमित्ताने.

२०१५ चा भूकंप होऊन गेल्यामुळे आता काही काळ निश्चिंती आहे, असा समज मी काठमांडूतही ऐकला. तो निराधार आहे. भारतीय भूपट्ट हिमालयाखाली सरकत असल्यामुळे नेपाळच्या रुंदीत दरवर्षी सुमारे दोन सेंटिमीटर आकुंचन साठत जाते. गोरखा भूकंपाची फाट खोलातच राहिली, दक्षिणेला पायथ्याशी जमिनीवर आली नाही, म्हणजे तो वरचा भाग अजून अडकलेलाच आहे. काठमांडूत २५ एप्रिलला, तेथे पूर्वी असलेल्या तळ्याच्या जुन्या गाळामुळे, जमीन चार-पाच सेकंदांच्या संथ हेलकाव्यांनी हलली. बुटक्या घरांना अधिक घातक ठरणारी जलद थरथर भीती होती त्यापेक्षा कमी राहिली. पुढच्या वेळी ती तशीच कमी राहील असे मानण्यास काही आधार नाही. आणि गोरखाच्या पश्चिमेला, पश्चिम नेपाळात, तर १५०५ सालच्या महाभूकंपानंतर त्या तोडीचा भूकंप झालेला नाही. पाचशे वर्षांचे दोन-दोन सेंटिमीटर म्हणजे दहा मीटर.

३ नोव्हेंबर २०२३ च्या रात्री, बाराच्या सुमारास, त्याच पश्चिम भागात जाजरकोटला नेपाळच्या भूकंप केंद्राच्या मोजणीनुसार ६.४ तीव्रतेचा भूकंप झाला आणि जाजरकोट व पश्चिम रुकुममध्ये दीडशेहून अधिक माणसे झोपेत दगावली. साठलेल्या ताणाच्या हिशेबात हा भूकंप लहान होता. मारले ते त्याच दुपदरी भिंतींनी. त्या भागातली असंख्य घरे आजही तशीच आहेत, आणि ती पाडून नवी बांधण्याइतका पैसा कोणाजवळ नाही. परंतु उभ्या भिंतीतले ठरावीक जागचे दगड हलक्या हाताने काढून, आरपार भोकात आकड्याची सळई ठेवून काँक्रीट भरता येते. भिंतींना दोन्ही बाजूंनी तारेच्या जाळीचे पट्टे बसवून ते भिंतीतून आरपार बांधता येतात. माळ्याकडची जड त्रिकोणी भिंत उतरवून तेथे हलके पत्रे किंवा फळ्या लावता येतात. आणि वाशे दोन्ही पदरांवर टेकतील असे आधार देता येतात. हे काम प्रशिक्षित डकर्मी करू शकतो. २०१५ नंतर मध्य नेपाळात असे हजारो डकर्मी तयार झाले आहेत. त्यांना पश्चिमेकडच्या जिल्ह्यांत, तेथली घरे उभी असतानाच, कामाला लावणे ही आज माझ्या दृष्टीने नेपाळच्या भूकंपसुरक्षेतली सर्वांत निकडीची गोष्ट आहे.