हजेरीपटातला सोमवार

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातली ही चिरेबंदी शाळा पट घटत घटत बंद पडली, तेव्हा गावाने तिचं संग्रहालय केलं. मी तिथे कागद सांभाळते. म्हणजे पावसाळाभर आर्द्रतामापकाकडे बघायचं आणि गुलाबी पडलेली सिलिका जेल भाजून पुन्हा निळी करायची.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी समितीचे अध्यक्ष काहीतरी चकचकीत घेऊन आले. "बाई, सरप्राइज!" हजेरीपटातलं डिसेंबर १९६१ चं पान सुटं करून त्यांनी झेरॉक्सच्या दुकानात लॅमिनेट करून आणलं होतं. मी मटकन खालीच बसले.

त्या पानावर मी महिनाभर अडले होते. १८ डिसेंबर, सोमवार. गोवा पोर्तुगिजांकडून सोडवायला दोडामार्गाकडून भारतीय फौज आमच्याच तालुक्यातून आत येत होती, दाबोळीच्या विमानतळावर बॉम्ब पडत होते, आणि पटावर तेवीसच्या तेवीस मुलं हजर! बाकीचा महिना निळ्या-काळ्या शाईत, हा एकच रकाना वेगळ्या निळ्या शाईत. तिरक्या उजेडात भिंगाखाली दोन ठिकाणी 'ह'च्या मागे शिसपेन्सिलीचे ठिपके दिसत होते. ठिपके आधीचे की शाई आधीची, एवढं कळलं असतं तर हजेरी त्याच दिवशी घेतली की मागाहून भरली याचा अंदाज आला असता. आता ते सगळं वितळलेल्या गोंदाखाली आहे. प्लास्टिक सोडवायला जावं तर शाईही सुटणार. टिकावं म्हणूनच केलं होतं बिचाऱ्यांनी. आपल्याकडे जुन्या कागदाचे निम्मे बळी अशा मायेनेच जातात.

उद्घाटनाला तेव्हाचे दोन विद्यार्थी आले होते. पहिले म्हणाले, "खंयची शाळा! दार उगडूंकच ना." दुसरे पानावर बोट फिरवत आपलं नाव शोधत होते. ते हसले. "आमी दोंगरार आशिल्ले, विमानां पळयत. मास्तरूय आमचे वांगडा." म्हणजे डोंगरावर विमानं बघत होते, मास्तरही सोबत.

अध्यक्षांना पाटी हवी होती: 'बॉम्ब पडत असतानाही शाळा भरली.' मी नाही म्हटलं. मग दुसरं काय लिहू, ते विचारतात. डोंगरावर मास्तरांनी नावं पुकारली असतील, पेन्सिल खिशातली असेल, शाई नंतरची. किंवा त्यांनी घरी बसून रकाना भरला असेल, पट पुरा दिसावा म्हणून.

पान काचेखाली लावलंय. ट्यूबलाइट त्यावर अशी चमकते की अठरा तारीख वाचायला मान वाकडी करावी लागते. पाटी कोरीच आहे.