तुम्ही विचारलेत म्हणून: घाटात दिवसाला किती किलोमीटर धरावेत?

सायकलवरून डोंगरात सुट्टी घालवायची ठरवलेली मंडळी मला हमखास एकच प्रश्न विचारतात: दिवसाला किती किलोमीटर धरावेत? विचारणारे बहुधा सपाटीवर नियमित सायकल चालवणारे असतात. एका दिवसात शंभर किलोमीटर त्यांनी सहज केलेले असतात आणि डोंगर आहे म्हणून त्यातले तीस वजा करून सत्तरच्या टप्प्यांनी नकाशावर मुक्कामही मांडून झालेले असतात. माझे उत्तर ठरलेले आहे. किलोमीटर तूर्त बाजूला ठेवा आणि त्या दिवशी एकूण किती मीटर चढायचे आहे, ते आधी काढा.

यामागचा हिशेब साधा आहे आणि प्रत्येकाने तो स्वतःचे आकडे घालून करून पाहावा, असे मला मनापासून वाटते. स्वार ७० किलो, सायकल १३ किलो आणि सामान १२ किलो धरले, तर हे ९५ किलो वजन १००० मीटर वर न्यायला सुमारे ९३० किलोज्यूल ऊर्जा लागते. शर्यतीत न उतरणारा, पण सवयीचा सायकलस्वार बराच वेळ १३० वॅट टिकवू शकतो असे मानले, तर एवढ्या ऊर्जेला दोन तास लागतात. टायरचे घर्षण, पाण्यासाठीचे थांबे आणि दुपारचा थकवा त्यात मिळवला की तासाला ४०० ते ४५० मीटर चढाई एवढाच भरवशाचा आकडा हाती उरतो. म्हणजे १२०० मीटर चढाईच्या दिवशी नुसत्या चढाला तीन तास द्यावे लागतात, मग तो चढ पंधरा किलोमीटरचा असो वा पंचवीसचा. पहिल्या दिवशी ८०० मीटरच्या वर जाऊ नये आणि पाय रुळल्यानंतरही सामानासह रोज १२०० ते १५०० मीटर पुरेसे समजावेत.

चढाच्या सरासरी टक्केवारीवर (शंभर मीटर अंतरात किती मीटर चढ, त्यावर) मात्र विसंबू नये. फ्रान्समधला माँ व्हाँतू हा डोंगर बेदुआँ गावाकडून चढताना सुमारे साडेएकवीस किलोमीटरचा आहे आणि त्याची सरासरी साडेसात टक्क्यांच्या आसपास निघते. प्रत्यक्षात पहिले पाच-सहा किलोमीटर बरेच सौम्य आहेत, आणि झाडी सुरू झाली की नऊ टक्क्यांच्या आसपासचा चढ कित्येक किलोमीटर उसंत देत नाही. सरासरी पाहून सुरुवातीलाच जोर लावणारा माणूस झाडीत शिरेपर्यंत निम्मा रिकामा झालेला असतो. म्हणून चढाचा आलेख किलोमीटरगणिक पाहावा आणि सर्वांत कठीण भाग कितव्या किलोमीटरला येतो, ते कागदावर लिहून हँडलला लावावे.

आता गिअर. या एका बाबतीत मी थोडा हट्टी आहे, कारण सुट्टीचा आनंद इतर कशाहीपेक्षा यावर अधिक अवलंबून असतो. साखळीच्या पुढच्या चक्राला ३४ आणि मागच्या सर्वांत मोठ्या चक्राला २८ दात असलेल्या सायकलवर मिनिटाला पॅडलचे ६० फेरे राखायचे, तर वेग ताशी नऊ किलोमीटरच्या थोडा वर राहतो आणि वर धरलेल्या वजनाला आठ टक्के चढावर त्यासाठी सुमारे २०० वॅट लागतात. एवढी ताकद आपण दोन तास देऊ शकत नाही. मग पॅडल चाळिशीच्या खाली येतात आणि सगळा भार गुडघ्यांवर पडतो. तेच पुढे ३० आणि मागे ३६ असेल, तर ६० पॅडलला १४० वॅटच्या आत भागते. तेव्हा महागडी हलकी चाके घेण्याआधी मागची कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरचा दातेरी चक्रांचा संच, बदलून घ्या, आणि सध्याच्या डिरेल्युअरला (साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या यंत्रणेला) मोठी कॅसेट पेलते का, हे दुकानदाराला विचारूनच बदला.

उताराचा वेळ लोक जवळपास शून्य धरतात, हेही मला पटत नाही. चढताना दोन तासांत साठवलेली ती ९३० किलोज्यूल ऊर्जा उतरताना हवेला आणि ब्रेकला द्यावी लागते. सतत अर्धवट ब्रेक दाबून ठेवला, तर वेग कमी राहिल्यामुळे हवेच्या वाट्याला थोडी ऊर्जा जाते आणि उरलेली उष्णता बनून रिममध्ये किंवा डिस्कमध्ये साठते. म्हणून सरळ रस्त्यावर पाठ ताठ करून हवेला अडवू द्यावे, वळणाआधी दोन्ही ब्रेक नेटाने दाबावेत आणि वळणात शिरताना सोडून द्यावेत. ब्रेक पॅडची एक जादा जोडी सोबत हवीच. बाकी हत्यारे आणि पंक्चरचे सामान तुम्ही एरवी नेता तेवढेच पुरते.

दर १००० मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते. घामाने भिजलेल्या अंगाने माथ्यावरून निघाल्यावर वारा काय करतो, हे पायथ्याशी उन्हात उभे असताना लक्षात येत नाही. वारा अडवणारे जाकीट आणि पूर्ण बोटांचे हातमोजे उन्हाळ्यातही बरोबर ठेवावेत. उन्हाळ्यात वादळे बहुधा दुपारनंतर जमतात, म्हणून खिंड दुपारपूर्वी ओलांडता येईल असा मुक्काम निवडावा, म्हणजेच आदल्या रात्री चढाच्या पायथ्याशी झोपावे. आल्प्समधल्या स्टेल्व्हिओसारख्या २७०० मीटरपलीकडच्या खिंडी हिवाळाभर बर्फामुळे बंद असतात, तेव्हा तारखा ठरवण्याआधी रस्ता खुला असल्याची खात्री करावी. तीन हजार मीटरच्या वर मुक्काम करणार असाल, तर झोपण्याची उंची रोज ५०० मीटरपेक्षा अधिक वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावे. तुमचे पाय कितीही तयार असले, तरी विरळ हवेशी जुळवून घ्यायला शरीर आपलाच वेळ घेते.

गटाने जाणार असाल, तर वरचा सगळा हिशेब सर्वांत सावकाश चढणाऱ्या सोबत्याचे वजन आणि त्याचेच गिअर धरून करावा. आठवड्याच्या बेतात एक दिवस पूर्ण मोकळा ठेवावा आणि तो शेवटी न ठेवता मध्यावर ठेवावा, कारण पाऊस किंवा दुखरा गुडघा बहुधा तिथवर आपले म्हणणे मांडून मोकळा होतो. एवढे झाल्यावर किलोमीटर मोजायला हरकत नाही. बहुतेकांच्या बेतात ते सत्तरवरून चाळीस-पन्नासवर आलेले दिसतील.