आधी वॉट, मग थाट

रेडिएटरकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. पांढरा पत्र्याचा डबा, आत बॉयलरचं गरम पाणी फिरतं, खोली तापवायला खिडकीखाली बसलेला, वर धूळ, मागे कधीतरी पडलेला एखादा मोजा. थंडीत पाठ लावून उभं राहायला बरा, एरवी फर्निचर हलवताना मधे मधे करणारा. मग घराचं रिनोव्हेशन निघतं, कोणीतरी म्हणतं की हे जुने काढूनच टाकूया आता, आणि डिझायनर रेडिएटरचा कॅटलॉग समोर येतो तेव्हा कळतं की इथे तर भलताच थाटमाट आहे! माणसाहून उंच उभे, सपाट मॅट काळे, मधोमध आरसा बसवलेले, वेटोळं घातलेल्या स्प्रिंगसारखे, आणि ज्यांना जुन्या वाड्यांची हौस आहे त्यांच्यासाठी पाय असलेले जाडजूड कास्ट आयर्नचे कॉलम. रंगांचा तर आरएएलचा, म्हणजे रंगांना नंबर देणाऱ्या युरोपातल्या पद्धतीचा, अख्खा चार्टच, म्हणजे दोनशेच्या वर शेड्स, आणि एवढ्यातून लोक शेवटी निवडतात काय तर ७०१६ नंबरचा अँथ्रासाइट ग्रे. आम्हीही तोच निवडला, उगाच खोटं कशाला बोला.

पण फोटोखाली बारीक अक्षरात एक आकडा असतो, वॉटचा, आणि माझं म्हणणं असं की आधी तो वाचायचा आणि मगच प्रेमात पडायचं. कारण खोलीला किती उष्णता लागते हे खोली ठरवते, किती भिंती बाहेरच्या, काच केवढी, छत किती उंच, इन्सुलेशन आहे की नाही, त्यात आपल्या आवडीनिवडीचा काही संबंध नाही. त्यातून तो आकडाही सरळ नसतो. युरोपातल्या ईएन ४४२ मानकाप्रमाणे तो मोजतात तेव्हा पाणी ७५ अंशांनी आत येतं, ६५ अंशांनी बाहेर पडतं आणि खोली २० अंशांवर असते, म्हणजे पाण्याचं सरासरी तापमान आणि खोली यांच्यात ५० अंशांचा फरक. आता घरात बॉयलरच्या जागी हीट पंप, म्हणजे बाहेरची उष्णता आत खेचणारं विजेवरचं यंत्र, बसवायचा विचार असेल आणि पाणी जेमतेम ४५ अंशांचं येणार असेल तर तोच रेडिएटर साधारण तिसऱ्या हिश्श्यावर येतो. कॅटलॉगमधले दीड हजार वॉट घरी पोचेपर्यंत पाचशेच्या आसपास उरतात! बडा घर पोकळ वासा म्हणतात तो हाच.

आणि गंमत म्हणजे ज्याला आपण कुरूप म्हणून काढायला निघालोय तो डबा या बाबतीत भलता खमका असतो. त्याच्या वरच्या जाळीतून एकदा आत डोकावून बघा, टॉर्च मारून बघा हवं तर. दोन पत्रे समोरासमोर, दोघांमधून पाणी फिरतं, आणि त्या दोघांच्या आतल्या बाजूला नागमोडी घड्या घातलेल्या पातळ पत्र्याची एकेक ओळ चिकटवलेली. याला टाइप २२ म्हणतात, दोन पॅनल आणि दोन घड्यांच्या ओळी. खालून गार हवा शिरते, त्या घड्यांना घासत तापत वर जाते, आणि खोली गरम होण्याचं बरंचसं काम ही चढणारी हवाच करते. मग डिझायनर लोक येतात आणि स्वच्छ रेषा पाहिजेत म्हणून त्या घड्याच काढून टाकतात, एकच सपाट पाटी ठेवतात. दिसते झकास. पण तेवढेच वॉट हवे तर पाटी केवढी लागेल याचा हिशोब केला की भिंत पुरत नाही. सगळेच तसे नसतात, काही चांगल्या उभ्या मॉडेल्समध्ये दोन थर असतात, म्हणून तर आकडा वाचायचा.

रंगावरून आमच्याकडे वाद झाला. नवऱ्याचं म्हणणं, "अगं काळाच घे, काळा जास्त गरमी फेकतो." शाळेत शिकलेलं असतं ना आपण. उन्हाच्या बाबतीत ते खरं, पण रेडिएटर फेकतो ती उष्णता डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेड किरणांची, आणि तिथे पांढरा काय नि काळा काय, साधा रंग दिलेला पत्रा जवळपास सारखाच वागतो. तेव्हा रंग बिनधास्त मनाला येईल तो घ्या. फक्त क्रोम घेताना थांबा. चकचकीत धातू उष्णता बाहेर फेकायला फार कंजूष असतो, त्यामुळे त्याच मापाचा क्रोमचा पीस रंगवलेल्यापेक्षा चांगलाच कमी वॉट देतो.

मटेरियलचे स्वभावही वेगवेगळे. अ‍ॅल्युमिनियम हलकं, आत पाणी कमी, पटकन तापतं, पटकन निवतं. कास्ट आयर्न म्हणजे घरातले आजोबा, उठायला वेळ लावणार पण एकदा बसले की लवकर हलणार नाहीत. दिवसभर माणसं असलेल्या खोलीत ते ठीक, संध्याकाळी तासभर वापरायच्या खोलीत कशाला? शिवाय त्याचं वजन, वर आतल्या पाण्याचं वजन, आणि भिंत जर प्लास्टरबोर्डची पोकळ असेल तर आधी तिच्या आत लाकडी आधार द्यावा लागतो. अ‍ॅल्युमिनियम घेतलं तर सिस्टिमच्या पाण्यात त्याला चालणारं इनहिबिटर, म्हणजे गंज रोखणारं रसायन, घालायचं, नाहीतर आतल्या आत गंजत राहतं. हे दुकानात आपणहून कोणी सांगत नाही, विचारावं लागतं.

उभ्या रेडिएटरचं मला कौतुक आहे, दोन दारांच्या मधल्या वाया जाणाऱ्या पट्टीत तो मस्त बसतो. पण खिडकीखालचा काढून तिथे न्यायचा असेल तर काच बघा. एकेरी काच असेल तर तिच्यावरून गार हवा खाली घसरत येते आणि नेमकी पायाशी जमते, खालचा रेडिएटर ती अडवायचा. चांगली डबल ग्लेझिंग असेल तर एवढं टेन्शन नाही.

कॅटलॉगच्या फोटोंत आणखी एक गोष्ट नसते, पाईप! रेडिएटर भिंतीवर हवेत तरंगत असतो जणू. प्रत्यक्षात खालून दोन पाईप येतात, त्यांना दोन व्हॉल्व्ह लागतात, आणि एवढ्या देखण्या मॅट काळ्या पीसला पांढऱ्या प्लास्टिकच्या टोपीचा थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह, म्हणजे खोलीच्या तापमानाप्रमाणे आपोआप उघडझाप करणारा, लावला की सगळी शान गेली. व्हॉल्व्ह त्याच फिनिशचे मागवा, आणि पाईप जमिनीतून येतात की भिंतीतून ते बघून मागवा, अँगल, स्ट्रेट, कॉर्नर असे प्रकार असतात. नव्या रेडिएटरच्या दोन तोंडांमधलं अंतर जुन्याशी क्वचितच जुळतं, त्यात दोन्हीकडचे व्हॉल्व्ह आणखी जागा खातात, त्यामुळे फरशी आधी घालून रेडिएटर नंतर निवडायचा विचार असेल तर तो आजच सोडा.

बाथरूमचा टॉवेल रेल, म्हणजे टॉवेल टाकायचा शिडीसारखा रेडिएटर, अजून ठरायचाय. फोटोत त्याच्यावर एकच पांढरा टॉवेल, तोही इस्त्रीची घडी मोडू नये असा. आमच्याकडे चार ओले टॉवेल आणि वर कोणाचा तरी स्विमिंग कॉस्च्युम, म्हणजे रेल पूर्ण गोधडीत, खोली गारच. म्हणून मी आता रेलसोबत दाराजवळ एक छोटा साधा टाइप २२ मागतेय, आणि रेलमध्ये विजेचा हीटिंग रॉड, उन्हाळ्यात हीटिंग बंद असताना टॉवेल वाळायला. त्याची वायर टाईल्सच्या मागून जाणार, सो इलेक्ट्रिशियनला टाईल्सवाल्याच्या आधी बोलवायचंय. नवरा अजून क्रोमवरच अडून बसलाय. बसू दे, वॉटचा आकडा दाखवलाय, तो कागद फ्रीजला चिकटवलाय.