पप्पांना 'तुम्ही', देवाला 'तू'

आमच्या घरी पप्पांना अहो-जाहो. ते एसटीत ड्रायव्हर, श्रीरामपूरला. रात्री ड्यूटीवरून आले की हातपाय धुऊन आधी कौटुंबिक प्रार्थना, मग जेवण. लहानपणी मला कोडं पडायचं: येशूने शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेत 'आमच्या स्वर्गातील पित्या' म्हणायचं आणि लगेच 'तुझे नाव'? पप्पांना कुणी 'तू' म्हटलं असतं, तर आजीने घर डोक्यावर घेतलं असतं!

बारावीत मी नापास झाले. भीतीने कुणाला न सांगता नगरला मावशीकडे गेले. तिसऱ्या दिवशी परतताना बसमध्ये सगळं भाषण पाठ केलं. स्टँडवर पप्पा उभे होते, खाकी गणवेशातच. मी तोंड उघडलं, तोच म्हणाले, "जेवलीस का गं?"

बायबलमध्ये लूकच्या शुभवर्तमानाच्या 15 व्या अध्यायातला, बापाची संपत्ती उधळून घरी परतणारा धाकटा मुलगाही असंच घोकून येतो. 'मला मोलकऱ्यासारखं ठेवा' हे त्याचं शेवटचं वाक्य बाप बोलूच देत नाही, झगा आणायला सांगतो. हे मी शंभरदा ऐकलं होतं. कळलं ते त्या स्टँडवर. अटकेच्या आधी गेथशेमाने बागेत येशूने देवाला मारलेली 'अब्बा', म्हणजे बाप, ही हाकही तेव्हापासून जवळची वाटते. येशूची अरामी भाषा बोलणाऱ्या घरात मुलं बापाला हीच हाक मारायची.

माझी लेक तिच्या बापाला 'ए बाबा' म्हणते. रात्री प्रार्थनेतही तोच सूर. मी तिला थांबवत नाही.